किल्ली देण्याआधी

आमच्या सोसायटीत कुणी फ्लॅट भाड्यानं द्यायला काढला की चौकशी सुरू होते. फॅमिली आहे का बॅचलर? व्हेज आहेत ना? मूळचे कुठले? नोकरी हिंजवडीला का खराडीला? एवढी उत्तरं मनासारखी मिळाली की मालक निर्धास्त. करार कधी संपतो विचारलं तर म्हणतात, "असेल की अकरा महिन्यांचा, एजंटनं केलाय."

माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात गेली. माणूस सज्जन आहे म्हणून क्लेम पास झाला, असं मी कधी पाहिलं नाही. पॉलिसी कोणत्या तारखेला चालू होती हे आधी बघायचं, बाकीचं नंतर. घर भाड्यानं देताना मी हाच क्रम लावते, आणि "काकू फार कागद करतात" असं माझ्याबद्दल बोललं जातं हे मला ठाऊक आहे. बोलू देत.

माझा हा स्वभाव नुसता नोकरीतून आलेला नाही. सासरकडून नारायण पेठेतल्या एका वाड्यात आमचा वाटा आहे. वाटा म्हणजे काय, तर कौलं गळतात तेव्हा खर्चात वाटा. वाड्यात दोन बिऱ्हाडं माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत. एकाचं भाडं महिना ८५ रुपये होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यानं मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेण्याची मुभा दिली. तेव्हापासून एकही वर्ष न चुकवता वाढ घेतली तरी ते ८५ आज अडीचशेच्या आतच राहतात. भाडेकरू भाडं वेळेवर देतो किंवा द्यायला तयार आहे तोवर त्याला काढता येत नाही. तो वारला तर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. थकबाकी, पोटभाडेकरू ठेवणं, मालकाची स्वतःची खरीखुरी गरज अशी कारणं कायद्यात दिली आहेत; पण ती लघुवाद न्यायालयात शाबीत करावी लागतात, आणि तिथं निकाल लागेपर्यंत दावा लावणाऱ्याचं वय पुरेल का, हाच महत्त्वाचा मुद्दा ठरतो. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. मग मालक आणि भाडेकरू एकाच नोटिशीखाली उभे राहून एकमेकांकडे बघतात.

आमच्याकडचे भाडेकरू वाईट नाहीत, हे मुद्दाम लिहिते. गौरीच्या सणाला मी अजून त्यांच्याकडे जाते, त्या घरातल्या आजी मला "वहिनी" म्हणतात. पण त्या ८५ रुपयांच्या खोलीला शेवटची तारीख कधीच नव्हती, आणि सज्जनपणानं ती तारीख येत नाही.

वारज्याच्या आमच्या टूबीएचकेचं प्रकरण वेगळ्या रस्त्यानं जातं. तो 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिलेला आहे. म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी; घरात कोणताही हक्क तयार होत नाही. १९९९ च्या त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं, की राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्यानं जागा सोडायची. सोडली नाही, तर मालकानं सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा, आणि मुदत संपल्यापासूनच्या काळाचं भाडं दुप्पट दरानं भरपाई म्हणून मागता येतं. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. लेखी करारात जे लिहिलंय तेच तिथं निर्णायक पुरावा मानलं जातं. नेहमीच्या दाव्यापेक्षा ही वाट बरीच आखूड आहे. पण ती राहत्या घरासाठी आहे; दुकानाचा गाळा दिला असेल तर हा दरवाजा उघडत नाही, हे रस्त्यालगत गाळे घेऊन ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

थोडक्यात, कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो तो कागदावरच्या शेवटच्या तारखेमुळे. म्हणून कागदाबद्दल जरा सविस्तर.

"अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करावा लागत नाही" हे वाक्य मी पुण्यात इतक्या सुशिक्षित माणसांकडून ऐकलंय, की आता वाद घालत नाही, सरळ त्याच कायद्याचं कलम ५५ दाखवते. महाराष्ट्रात करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. केला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला त्या शिक्षेपेक्षा त्याच कलमातला दुसरा भाग जास्त भीतिदायक वाटतो: नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. त्यानं सांगितलं की "मला कायमची दिली, भाडं पाच हजार ठरलं होतं," तर तिथून तुमची सुरुवात. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. एका एजंटनं मला असा कागद "चालतो हो मॅडम, सगळे असंच करतात" म्हणत पुढे केला होता. मी त्याला चहा दिला आणि कागद परत दिला.

आणि नोंदणी आता इतकी सोपी झाली आहे की टाळण्यात काही अर्थ राहिला नाही. एजंट लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र घेऊन घरी येतो. मालकानं, राहणाऱ्यानं आणि दोन साक्षीदारांनी थम द्यायचा, आधारवरून ओळख पटते, कार्यालयात जायचं कारण नाही. (या नोंदणी व मुद्रांक खात्याचं मुख्यालय आपल्याच पुण्यात, कौन्सिल हॉलसमोर आहे, तरी पुणेकरच जास्त टाळाटाळ करतात.) मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एकूण रक्कम म्हणजे मुदतीतलं सगळं भाडं, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून काढलेलं काल्पनिक व्याज. माझं उदाहरण देते: भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००, मुदत ११ महिने. शुल्क सातशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंटचे पैसे. ८५ लाखांच्या मालमत्तेसाठी एवढं जड जात असेल तर फ्लॅट रिकामा ठेवलेला बरा.

अकराच महिने हवेत असंही काही नाही. लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं. चांगलं कुटुंब असेल तर मी दोन वर्षांचा करते आणि दुसऱ्या वर्षाची वाढ त्यातच लिहिते, म्हणजे दर वर्षी एजंटला पुन्हा बोलवायला नको. करारात नावं मात्र सगळ्यांची घालते. चार मुलं राहणार असतील तर चौघांचीही नावं आणि चौघांचेही थम. एकाच्या नावावर करार आणि घरात सहा जण, त्यातला करारवाला बंगळूरला बदलून गेलेला, हे पुण्यात घरोघरी चाललंय. लॉक-इन (म्हणजे ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही तो) किती, नोटीस किती, महिना संपायच्या आत भाडं न आल्यास काय, मेंटेनन्स कुणी भरायचा, रंगाचे पैसे कापणार का, हे सगळं लिहायचं. तोंडी काही ठेवायचं नाही.

आता आमच्याच बिल्डिंगमधले एक काका. निवृत्त, सरळ माणूस. करार संपला, भाडेकरू म्हणाला "काका, मुलीची दहावी होऊ दे." काकांनी होऊ दिली. करार नवा केला नाही, भाडं मात्र दर महिन्याला खात्यात घेत राहिले. दहावी झाली, मग अकरावीचे प्रवेश आले. काकांना स्वतःच्या मुलासाठी घर हवं होतं तेव्हा उत्तर मिळालं, की करार संपल्यावर आपलं तोंडी बोलणं झालं होतं, आता मी साधा भाडेकरू आहे. वकिलांनी सांगितलं की लढता येईल, पण मुदतीनंतर घेतलेल्या प्रत्येक भाड्याचा खुलासा द्यावा लागेल. शेवटी काकांनी डिपॉझिट पूर्ण परत केलं, वर तीन महिन्यांचं भाडं सोडलं, आणि घर घेतलं. दहावीला मुदत द्यायला माझी हरकत नाही. मीही दिली असती. चार महिन्यांचा नवा करार करून दिली असती. माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये करार संपायच्या दोन महिने आधीची सूचना लावलेली असते, आणि ती वाजली की मी व्हॉट्सअ‍ॅपवर गोड भाषेत पण लेखी विचारते: राहणार की सोडणार?

काका तेव्हा चिडून पाणी तोडायला निघाले होते. ते मात्र कधीही करू नये. त्याच भाडे कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज अशा गरजेच्या गोष्टी मालकाला तोडता येत नाहीत, तो गुन्हा आहे. कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढणं हेही नको. हक्काची बाजू असलेला माणूस अशानं एका दिवसात आरोपी होतो.

पोलिसांकडे माहिती देणं हे काम पाच मिनिटांचं आहे. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरायची आणि पावती करारासोबत ठेवायची. पोलिसांच्या आदेशानुसार ती देणं मालकावर बंधनकारक असतं. न दिल्यास सरकारी आदेशाचा भंग म्हणून गुन्हा नोंदला जातो. परदेशी विद्यार्थी ठेवला असेल तर आल्यापासून २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) ऑनलाइन भरावा लागतो. पुण्यात असे विद्यार्थी पुष्कळ, आणि हा फॉर्म माहीत असलेले मालक थोडे.

सोसायटीची गोष्ट निराळी. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट लायसन्सवर देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. राज्य सरकारनं २००१ मध्ये हे ठरवून दिलंय. सेवा शुल्क २,४०० असेल तर २४०. महिन्याला हजार-दीड हजार "भाडेकरू चार्ज" लावणाऱ्या कमिट्यांना मी हा आदेश छापून देते. कमिटी मेंबरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तुमची इमारत सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट असोसिएशन, हे मात्र आधी बघा, कारण हा आदेश सोसायट्यांसाठी आहे आणि पुण्यात अपार्टमेंटं भरपूर. "बॅचलर चालणार नाहीत" या ठरावांबद्दल माझं मत अजिबात सौम्य नाही. माझ्या फ्लॅटमध्ये नोकरी करणाऱ्या तीन मुली दोन वर्षं राहिल्या. सिंक इतकं स्वच्छ माझ्या घरी नसतं. त्यांच्यानंतर आलेल्या सुसंस्कृत कुटुंबानं बाथरूमचं दार पाण्यानं कुजवून दिलं.

आता पैसा, कारण भाच्यानं मला खरा प्रश्न तोच विचारला होता: "मावशी, गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेऊ का?"

माझ्या फ्लॅटचा आजचा भाव ८५ लाख धरू. वर्षाचं भाडं २ लाख ८८ हजार. त्यातून मेंटेनन्स ३६ हजार. मिळकतकर १८ हजार. दोन भाडेकरूंच्या मध्ये सरासरी एक महिना रिकामा जातो, ते २४ हजार. उरले २ लाख १० हजार. अडीच टक्केसुद्धा पुरते नाहीत, आणि अजून रंग, गिझर आणि एजंट यायचेत. आज हाच फ्लॅट नव्यानं घेतला तर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सहा लाखांच्या जवळ, वर नोंदणीचे ३० हजार. पहिली अडीच-तीन वर्षं भाडं निव्वळ त्यातच जाईल. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती भाच्याच्या बायकोला मी वेगळी फोन करून सांगितली. कर्ज काढून घेतलं तर हप्ता आणि भाडं यांची गाठ पडणं विसरा. भाववाढीवर भरवसा असेल तर घ्यावं, पण मग त्याला भाड्याचं उत्पन्न म्हणू नये.

मिळकतकराच्या त्या १८ हजारांत एक खास पुणेरी गोम आहे. महापालिका हद्दीत मालक स्वतः राहत असेल तर करात ४० टक्के सवलत मिळते. मध्ये ती बंद पडली होती, २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयानं पुन्हा मार्गी लागली आणि त्यासाठीचा पीटी-३ फॉर्म भरायला लोकांच्या रांगा लागल्या. स्वतः राहतो असं लिहून देऊन सवलत घ्यायची आणि फ्लॅट मात्र भाड्यानं द्यायचा, असं करणारे महाभाग मला माहीत आहेत. तुमचा नोंदणीकृत करार सरकार दरबारी पडलेला असताना तुम्हीच दुसऱ्या सरकारी फॉर्मवर उलट लिहून देताय, एवढं तरी त्यांनी बघावं.

आयकरात भाड्यातून आधी त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, बिलं दाखवायला लागत नाहीत. पण मग रंगाचा, प्लंबरचा खर्च वेगळा मागता येत नाही. ३० टक्क्यांत सगळं आलं. कर्जाचं व्याजही वजा होतं, मात्र नव्या करप्रणालीत या घराचा तोटा पगाराशी वळता करता येत नाही, आणि "कर वाचेल म्हणून दुसरं घर" हे गणित त्यामुळे जवळजवळ संपलंय. भाडं महिना ५० हजारांच्या वर गेलं तर राहणाऱ्या माणसानं २ टक्के टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच वळता करून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो. पगारातल्या घरभाडे भत्त्यावर (एचआरए) करसवलत घेणाऱ्याला, वर्षाचं भाडं लाखावर असेल तर, मालकाचा पॅन लागतो. "पॅन देणार नाही, रोख द्या" म्हणणारे मालक अजून आहेत. त्यांच्याकडे घर बघायला जाणाऱ्या मुलामुलींना मी सांगते, परत फिरा.

मुलगा-मुलगी परदेशात आणि बाणेर-बालेवाडीचा फ्लॅट त्यांच्या नावावर, हे तर आता दर तिसऱ्या घरात. अशा वेळी भाडं कितीही कमी असलं तरी राहणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो, आणि तो ३० टक्क्यांच्या वर असतो. हे आधी सांगितलं नाही तर भाडेकरू सहाव्या महिन्यात कंपनीच्या सीएकडून ऐकून येतो आणि भांडण लागतं. आई-वडिलांना मुखत्यारपत्र दिलं असेल, तर परदेशात केलेल्या त्या कागदावर तो महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कपाटात जपून ठेवलेली मुखत्यारपत्रं इथंच अडतात.

डिपॉझिटबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी "नवा भाडे कायदा, दोनच महिन्यांचं डिपॉझिट" असा मजकूर फिरतो. तो केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यावरून आलेला आहे. तो राज्यानं स्वीकारला तरच लागू होतो, आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. तरी दोन-तीन महिन्यांच्या वर मी मागत नाही. डिपॉझिट कशासाठी असतं? शेवटच्या महिन्याचं भाडं, नोटीस न देता गेल्यास तो एक महिना, आणि मोडतोड. त्यापलीकडे ते दुसऱ्याचे पैसे.

किल्ली देताना मी भाडेकरूला घेऊन सगळं घर फिरते आणि व्हिडिओ काढते: नळ सोडून, गिझर लावून, चिमणी चालू करून, सेफ्टी डोअरच्या किती किल्ल्या दिल्या तेही बोलून. महावितरणच्या मीटरचा आणि गॅसच्या मीटरचा फोटो त्याच वेळी. हा व्हिडिओ दोघांच्याही फोनवर राहतो. घर सोडताना तोच लावून पुन्हा फिरायचं. भिंतीला पडलेली खिळ्यांची भोकं मी कापत नाही, माणसं राहिली म्हणजे कॅलेंडर लावणारच. फुटलेलं बेसिन कापते, बिलासकट. वीज बिल त्याच दिवशीच्या रीडिंगवरून काढता येतं. पाइप गॅसचं बिल मात्र मागाहून येतं आणि ते मालकाच्या नावानं येतं, म्हणून तेवढ्यापुरते हजार रुपये ठेवून बाकीचं डिपॉझिट किल्ली हातात आली की तिथंच ट्रान्सफर करते. गॅसचं बिल आलं की त्याचा फोटो आणि उरलेले पैसे पाठवायचे, आणि महापालिकेचं, सोसायटीचं, एजंटचं चक्र पुन्हा नव्यानं सुरू करायचं.